सरापिसाचे मेज : ग्रीक, मिसरी व रोमी देवांविषयी एक शास्त्राभ्यास

वाचनासाठी उतारे : निर्गम १२:१-१३, प्रे. कृत्ये १४:८-१८ व १७:१६-३४, १ करिंथ. ८ वा अध्याय व १०:१४-३३.

दिल्ली, नोएडा, गुडगाव अशा ठिकाणी नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना एक वाक्य वारंवार ऐकावे लागते. कचेरीत, शेजारी, प्रवासात, कोणीतरी आपुलकीने म्हणतो, "अहो, देव एकच. तुम्ही त्याला येशू म्हणता, आम्ही आणखी काही म्हणतो. नावे तेवढी निराळी." बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो; सलोख्याचीच इच्छा असते. म्हणूनच उत्तर देणे अवघड जाते. होकार द्यावा तर विश्वासाशी प्रतारणा होते, नकार द्यावा तर शेजारधर्म दुखावतो. बहुतेक जण हसून विषय बदलतात.

हा विचार केवळ आपल्या देशातला आहे, असे समजण्याचे कारण नाही. प्राचीन मिसर, ग्रीस व रोम या तिन्ही ठिकाणच्या सुशिक्षितांचा हाच विचार होता, आणि ज्या जगात ख्रिस्ताची मंडळी जन्मास आली ते जग याच विचारावर चालत होते. त्या देवांचा अभ्यास ख्रिस्ती माणसाने का करावा, असा प्रश्न कोणी केल्यास एवढेच सांगता येईल की प्रेषित पौलाला तो करावा लागला होता.

या अभ्यासासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. दिल्लीत जनपथावर राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याच्या नाण्यांच्या संग्रहात इंडो-ग्रीक व कुशाण राजांची नाणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारे यवन राजे आपल्या नाण्यांवर आपले देव छापत. बौद्ध वाङ्मयात मिलिंद या नावाने ज्याची कीर्ती आहे त्या मिनँडरच्या नाण्यांवर अथेना देवी वज्र फेकण्याच्या पवित्र्यात उभी असते. अँटिअल्किडसच्या नाण्यांवर सिंहासनाधिष्ठित झ्यूस व त्याच्याजवळ हत्ती दिसतो. याच अँटिअल्किडसचा हेलिओडोरस नावाचा वकील तक्षशिलेहून विदिशेच्या राजाकडे आला आणि त्याने तेथे वासुदेवाप्रीत्यर्थ गरुडस्तंभ उभारला. राजाच्या नाण्यावर झ्यूस आणि राजाच्या वकिलाचा स्तंभ वासुदेवाचा! कोणालाही त्यात विसंगती वाटली नसावी.

पुढे कुशाण आले. मथुरा हे त्यांचे मोठे केंद्र होते, आणि दिल्लीच्या पुराना किल्ल्यातील उत्खननातही कुशाणकालीन थर मिळाले आहेत. म्हणजे ज्या भूमीवर आपण आज रविवारची उपासना करतो ती त्या काळी याच नाण्यांच्या परिघात होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील कनिष्काची नाणी पाहण्यासारखी आहेत. त्याच्या आरंभीच्या नाण्यांवर ग्रीक भाषेत नावे आहेत : सूर्यदेव 'हेलिओस', चंद्रदेवता 'सेलेने', अग्नीचा देव 'हिफेस्टस'. काही काळाने राजाने ग्रीक भाषा सोडून आपली बाख्त्री भाषा नाण्यांवर आणली. आकृत्या जवळजवळ त्याच राहिल्या, नावे मात्र बदलली. हेलिओसचा 'मिइरो' झाला, सेलेनेचा 'माओ' झाला, हिफेस्टसचा 'अथ्शो' झाला. देवाला त्याचे काही वाटले असेल काय, हा प्रश्नच कोणाला पडला नाही. राजाने भाषा बदलली, देवाने नाव बदलले.

कनिष्कानंतरच्या हुविष्क राजाच्या नाण्यांवर तर देवांचा मेळाच भरतो. इराणी देवता आहेत, स्कंद-कुमार आहे, हेराक्लीस आहे. आणि एका प्रकारच्या सुवर्णनाण्यावर 'सारापो' असे नाव कोरलेला एक दाढीवाला देव आहे. हा मिसर देशातील अलेक्सांद्रियाचा सरापिस. नाईल नदीच्या मुखाशी जन्मलेला देव मथुरेवर राज्य करणाऱ्या राजाच्या नाण्यावर कसा आला? व्यापाराच्या वाटेने आला असावा. त्या वाटा आपल्या महाराष्ट्रापर्यंतही येत होत्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची एक लहानशी कांस्यमूर्ती सापडली, ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तिला कोणी पूजिले की नुसती परदेशी शोभेची वस्तू म्हणून ठेविले, हे मूर्ती सांगत नाही. परंतु सरापिस राजाच्या सुवर्णनाण्यावर होता. त्याला मान होता. या सरापिसाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

एका देशाच्या देवाला दुसऱ्या देशाच्या देवाचे नाव देण्याची ही रीत फार जुनी आहे. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस मिसरविषयी लिहिताना आमोन म्हणजे झ्यूस, ओसायरिस म्हणजे डायोनायसस, आयसिस म्हणजे डिमीटर असे सरळ लिहून टाकतो. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी राहिलेल्या मेगॅस्थनीसने मथुरा परिसरातील शूरसेन लोक हेराक्लीसला विशेष मान देतात असे नोंदविले होते. त्याचा ग्रंथ आज नाही, पण पुढील लेखकांनी ती माहिती जपली. हा 'हेराक्लीस' म्हणजे बहुधा कृष्णच, असे अनेक विद्वान मानतात. रोमी लोकांनी हीच पद्धत साऱ्या साम्राज्यात चालविली. झ्यूसला ज्यूपिटर, हर्मीसला मर्क्युरी, आर्टेमिसला डायना म्हणणे त्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की त्याचा ठसा इंग्रजी बायबलवरही उमटला. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात लुस्त्र येथील लोक बर्णबाला 'ज्यूपिटर' व पौलाला 'मर्क्युरियस' म्हणतात, आणि इफिसची देवी 'डायना' होते. मूळ ग्रीक शास्त्रात मात्र झ्यूस, हर्मीस व आर्टेमिस आहेत. आपल्या मराठी शास्त्रात 'अर्तमी' हेच नाव ठेविले आहे, ते उचित झाले.

आता प्रश्न असा की, हे समीकरण खरे होते काय? तिन्ही देशांचे देव खरोखर एकच होते आणि नावे तेवढी निराळी होती काय?

मिसरी धर्म नाईल नदी, सूर्य व मृत्यू यांच्याभोवती गुंफलेला आहे. सूर्यदेव 'रा' दररोज रात्री पाताळातून प्रवास करून पहाटे पुन्हा उगवतो. 'मात' म्हणजे सत्य व सुव्यवस्था. तिच्या पिसाशी मृताचे हृदय तोलले जाते, आणि जड भरलेले हृदय भक्षक प्राणी गिळून टाकतो. न्यायाची इतकी तीव्र जाणीव फार थोड्या प्राचीन धर्मांत आढळते. ती मान्य करावयास आपण कचरू नये. परंतु या सुव्यवस्थेचा रक्षक कोण? फारो. तो स्वतःच होरस देवाचा अवतार व सूर्यदेवाचा पुत्र. फारोला जाब विचारणारा कोणी नाही. निर्गम १२:१२ मध्ये परमेश्वर मिसरच्या सर्व देवांचा न्याय करण्याविषयी बोलतो, त्याचा अर्थ येथे उमगतो. आपल्याकडील काही उपदेशक दहा पीडांपैकी प्रत्येक पीडा अमुक एका देवावर होती अशी यादी देतात. नाईल, बेडूक व अंधार यांच्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे, कारण नदीच्या पुराचा देव हापी, बेडकाच्या मुखाची देवी हेकेत व सूर्यदेव रा हे परिचित आहेत. उरलेल्या पीडांसाठी मात्र ओढूनताणून देव शोधावे लागतात. शास्त्राने त्यांची नावे दिलेली नाहीत, आपणही देण्याचा हट्ट धरू नये. तेथे खटला चालला आहे तो ज्या सिंहासनाने वीटभट्टीवरील गुलामांना माणूस मानले नाही त्याच्यावर आणि त्याला पावित्र्य देणाऱ्या देवांवर.

ओसायरिसविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. महाविद्यालयात जाणारी आपली मुले हल्ली विचारतात की, ख्रिस्ताचे पुनरुत्थान ही ओसायरिसच्या कथेची नक्कल आहे, हे खरे काय? कथा अशी की, सेत आपल्या भावाला, ओसायरिसला ठार मारतो. त्याची पत्नी आयसिस त्याचे देहखंड गोळा करते व मंत्रबळाने त्याला इतके सजीव करते की तिला त्याच्यापासून होरस हा पुत्र होतो. त्यानंतर ओसायरिस कोठे जातो? मृतांच्या राज्यात. तो तेथील राजा होतो; या जगात परतत नाही. मिसरी चित्रांत तो नेहमी प्रेतवस्त्रांत गुंडाळलेला असतो. योहान २०:५-७ मध्ये मात्र प्रेतवस्त्रे कबरेत पडलेली आहेत आणि ज्याच्या देहाला ती गुंडाळली होती तो तेथे नाही. शिवाय ओसायरिसची कथा वर्षाचे वर्ष नदीच्या पुराबरोबर फिरत राहते. तिला साल नाही, सुभेदार नाही. आपला विश्वासांगीकार पंतय पिलाताचे नाव घेतो. दोन्ही कथांत मृत्यू आहे व जीवन आहे, एवढे साम्य खरे. पण तेवढे साम्य शेतात पेरलेल्या गव्हाच्या दाण्यातही आहे, आणि तो दृष्टांत तर प्रभूने स्वतःच दिला आहे.

ग्रीक देव मनुष्याकृती, सुंदर, अमर आणि रागालोभाने भरलेले. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच : ते जगाचे निर्माते नव्हेत. हीसिअड कवीच्या वर्णनाप्रमाणे आधी पोकळी, मग पृथ्वी, मग आकाश, आणि त्यांच्या वंशात पुढे देव जन्मले. झ्यूस हा तिसऱ्या पिढीचा राजा. त्याने बापाला, क्रोनसला, पदच्युत करून राज्य मिळविले. ग्रीकांपैकीच काही विचारवंतांना या कथांची लाज वाटत होती. बैलांना व घोड्यांना हात असते तर त्यांनी आपल्यासारखेच देव रेखाटले असते, अशा अर्थाचे झेनोफनीसचे बोल ख्रिस्तापूर्वी पाचशे वर्षांचे आहेत.

रोमी धर्म म्हणजे करारनामा. देवाला नवस करावा, देवाने कार्य करावे, मग नवस फेडावा. विधीत एक शब्द चुकला तर तो पुन्हा करावा. शत्रूच्या नगराला वेढा घातला असता त्या नगराच्या देवालाच 'आमच्याकडे ये, तुला अधिक मोठे मंदिर देऊ' असे निमंत्रण देण्याचा विधी त्यांच्यात होता. रोमी परंपरेनुसार वेयी नगरातील जूनो देवी इ. स. पूर्व ३९६ मध्ये याच रीतीने रोमला आणिली गेली. अखेर देवांच्या या यादीत सम्राटही बसले. प्रभूला दाखविलेला दिनार तिबिर्य कैसराचा असेल तर, विद्वान मानतात तसे, त्यावर 'दैवी औगुस्ताचा पुत्र' अशा अर्थाचा लेख होता. मत्तय २२:२० मध्ये प्रभू मूर्तीविषयी व लेखाविषयी, दोन्हींविषयी विचारतो, हे त्या दृष्टीने वाचून पाहावे.

एवढी ओळख झाल्यावर समीकरणे तपासावीत. ग्रीकांचा आकाशदेव पुरुष व पृथ्वी स्त्री. मिसरी लोकांचे आकाश 'नूत' ही स्त्री व पृथ्वी 'गेब' हा पुरुष. ग्रीकांचा युद्धदेव एरीस हा भांडकुदळ, खुद्द झ्यूसला नावडता. रोमी मार्स मात्र राष्ट्रपिता रोम्युलसचा बाप व शेतीचाही राखणदार, अतिशय पूज्य. हर्मीसची गंमत अशी की त्याला मिसरात एकदा लेखनविद्येच्या थोतशी जुळविले आणि एकदा प्रेतरक्षक अनूबिसशी. एकच देव दोन निराळ्या देवांशी 'एकच' कसा? ग्रीक आर्टेमिस ही शिकारी कुमारिका, तर इफिसच्या अर्तमीची मूर्ती म्हणजे वक्षावर गोलकांच्या रांगा असलेली, आशिया प्रांतातील पुरातन मातृदेवता. नाव एक, देवी दोन. आपल्या घरातील दिनदर्शिकेवरही असेच एक उदाहरण टांगलेले आहे. ग्रहांवरून वारांची नावे ठेवण्याची पद्धत ग्रीक-रोमी जगातून भारतात आली असे विद्वान मानतात. ज्या तेजस्वी ग्रहाला रोमी लोक प्रेमदेवता व्हीनस म्हणत, त्यालाच आपल्याकडे शुक्र म्हणतात, आणि शुक्र म्हणजे असुरांचे गुरू शुक्राचार्य! ग्रह तोच, वार तोच. पण देवता स्त्रीची पुरुष झाली आणि प्रेमाऐवजी विद्येची झाली.

तेव्हा 'नावे निराळी, देव एकच' हे समीकरण त्या देवांनासुद्धा न्याय देत नाही. थोत मानणाऱ्या मिसरी माणसाला आपला देव हर्मीस नव्हे हे चांगले ठाऊक होते. समीकरण मांडले ते ग्रीकांनी, कारण राज्य ग्रीकांचे होते. २०२३च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, मिसर, असुरिया, ग्रीस व रोम येथील प्राचीन शिल्पे एकत्र मांडण्यात आली होती. शेजारी शेजारी ठेविलेल्या त्या मूर्तींत साम्यापेक्षा वेगळेपणच डोळ्यांत भरावे, यात नवल नाही.

आता सरापिसाकडे येऊ. सिकंदरानंतर मिसर देश त्याचा सेनापती टॉलेमी याच्या हाती आला. राज्यकर्ते ग्रीक, प्रजा मिसरी. दोघांना एका मंदिरात आणणारा देव हवा होता. मिसरात ओसायरिस व पवित्र बैल एपिस यांचे एकरूप झालेले दैवत होतेच. त्याला ग्रीक दाढी, ग्रीक वस्त्रे व डोक्यावर धान्याचे माप देऊन सरापिस सिद्ध झाला. झ्यूस, पाताळराजा हेडिस, वैद्यदेव अस्क्लेपियस यांचे गुणही त्याला चिकटविण्यात आले. हा राजकारणाने घडविलेला देव अतिशय लोकप्रिय झाला. लोक त्याच्याजवळ खरोखर रडले, त्यांनी नवस केले, रोगमुक्तीसाठी रात्री त्याच्या मंदिरात निजले. त्यांच्या अश्रूंची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्याच अलेक्सांद्रियात, त्याच टॉलेमी घराण्याच्या काळात, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, आणखी एक काम चालले होते. तेथील यहुदी लोक इब्री विसरून ग्रीक बोलू लागले होते. त्यांच्यासाठी मोशेचे ग्रंथ ग्रीक भाषेत आणण्यात आले. हेच सत्तरांचे भाषांतर. भाषांतरकारांपुढे पहिल्याच ओळीत पेच होता. आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्याला ग्रीक भाषेत काय म्हणावे? झ्यूस म्हणणे सर्वांत सोपे होते. राजाला आवडले असते, शेजाऱ्यांना समजले असते. त्यांनी 'थिऑस' हा सामान्य शब्द घेतला, म्हणजे 'देव', आणि कोणाही दैवताचे विशेषनाम घेतले नाही. एका नगरीत एका शतकात दोन मार्ग दिसतात : एकाने भाषांतरासाठी देव बदलला, दुसऱ्याने भाषा बदलली पण देव तोच ठेविला. गंमत म्हणजे या भाषांतराची हकीकत सांगणाऱ्या अरिस्तियाच्या पत्रात एक ग्रीक दरबारी राजाला म्हणतो की यहुदी ज्याला भजतात त्यालाच आपण झ्यूस म्हणतो, नाव तेवढे वेगळे. शेजाऱ्याचे ते प्रेमळ वाक्य दोन हजार वर्षांहून जुने आहे! पत्र लिहिणारा यहुदी होता असे विद्वान मानतात. त्याने ते वाक्य ग्रीकाच्या तोंडी घातले. भाषांतरात मात्र झ्यूस आला नाही.

याची किंमत पुढे मोजावी लागली. इ. स. पूर्व १६७ मध्ये अंतियुख एपिफानेस राजाने यरुशलेमेच्या मंदिराला ऑलिंपियन झ्यूसचे नाव दिले. हकीकत मक्काबींच्या ग्रंथांत आहे. आपले कॅथलिक बांधव ते शास्त्र म्हणून वाचतात, इतरांनी इतिहास म्हणून वाचण्यास हरकत नसावी. राजाच्या मते त्याने मोठे काही केले नव्हते, नाव तेवढे बदलले होते. ज्यांनी ते मानण्यास नकार दिला त्यांच्यापैकी कित्येक मारले गेले. तीन वर्षांनी मंदिर शुद्ध करण्यात आले, आणि त्या स्मरणाच्या सणात प्रभू येशू हिवाळ्यात शलमोनाच्या देवडीत फिरत होता, असे योहान १०:२२-२३ सांगते.

या पार्श्वभूमीवर पौलाकडे पाहावे. लुस्त्र येथे पांगळा चालू लागताच लोक बर्णबाला झ्यूस व पौलाला हर्मीस ठरवून बैल व हार घेऊन येतात. रोमी कवी ऑव्हिडच्या काव्यात याच मुलखाच्या शेजारी, फ्रुगियात, ज्यूपिटर व मर्क्युरी माणसांच्या वेषात आल्याची व त्यांना न ओळखणारे गाव बुडाल्याची कथा आहे. लोकांची घाई त्या भीतीपोटी असू शकेल. प्रेषित वस्त्रे फाडून गर्दीत धावतात. त्यांनी तो मान स्वीकारला असता तर लुस्त्रात मंडळी एका दिवसात वाढली असती, पण ती हर्मीसची मंडळी झाली असती.

अथेनैत मात्र तोच पौल ग्रीक कवीचा आधार घेतो. आपण देवाचे वंशज आहोत, या अर्थाचे जे वचन तो प्रे. कृत्ये १७:२८ मध्ये उद्धृत करतो ते अरातस कवीचे आहे. हा कवी पौलाच्याच किलिकिया प्रांतातला, आणि त्या काव्यात ते शब्द आहेत झ्यूसविषयी! येथे अनेक वाचक अडखळतात. लुस्त्रात नाकारलेला झ्यूस अथेनैत चालला काय? उतारा लक्षपूर्वक वाचला असता दिसते की पौल झ्यूसचे नाव उच्चारतच नाही. तो कवीची तहान मान्य करतो. ती तहान ज्या नावाशी कवीने बांधली होती त्यापासून तिला सोडवितो, आणि लगेच ज्याला देवाने मेलेल्यांतून उठविले त्या मनुष्याकडे वळतो. तेथेच सभा दुभंगते. अज्ञात देवाविषयी बोलेपर्यंत कोणाचीच हरकत नव्हती.

आपणा मराठी ख्रिस्ती लोकांनाही हा पेच घरच्या घरी सोडवावा लागला आहे. 'देव' हा आपला शब्द आणि लॅटिन 'देउस' एकाच धातूपासून आले. 'थिऑस' मात्र, दिसावयास जवळचा असला तरी, त्या कुळातला नाही. झ्यूस, ज्यूपिटर व ऋग्वेदातील द्यौष्पितृ ही तिन्ही नावे तर मुळात एकच, 'आकाश-पिता' या अर्थाची. मग आपण प्रार्थनेत 'हे देवबापा' म्हणतो तेव्हा द्यौष्पितृलाच हाक मारतो काय? शब्दांचे कूळ शोधणे निराळे आणि प्रार्थना कोणाला पोहोचते हे निराळे. आकाशपिता हा पाऊस पाडणारा जनक. त्याला कोणी गेथशेमानेत 'अब्बा' म्हटले नव्हते. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या आपल्या मराठी ख्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. विष्णूचे लोक म्हणून रूढ असलेला शब्द घेतला, पण त्यात राहणारा बदलला. आज तो शब्द आपण वापरत नाही. पण 'देव', 'परमेश्वर', 'भजन', 'कीर्तन' हे शब्द वापरतो, आणि नारायण वामन टिळकांच्या अभंगांनंतर ते परके वाटत नाहीत. शब्द घेण्यात भ्रष्टता नाही. सत्तरांच्या भाषांतरकारांनी ते करून दाखविले आहे.

राहता राहिला रोजच्या व्यवहाराचा प्रश्न, आणि आमच्या अभ्यासवर्गात सर्वाधिक वेळ त्यावरच जातो. कचेरीत दिवाळीपूर्वी पूजा होते, शेजारी सत्यनारायण होतो, प्रसाद पुढे येतो. काय करावे? येथे सरापिस आपल्याला अनपेक्षित मदत करतो. मिसरच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांमध्ये जेवणाची लहान लहान निमंत्रणे आहेत : अमुक गृहस्थ तुम्हांस उद्या तिसऱ्या प्रहरी 'प्रभू सरापिसाच्या मेजावर' भोजनास बोलावीत आहेत. 'प्रभू' आणि 'मेज', हे दोन्ही शब्द तेथे आहेत. ग्रीक प्रवासी पौसानियस करिंथ येथेही सरापिसाची देवस्थाने असल्याचे लिहितो. म्हणजे पौल १ करिंथ. १०:२१ मध्ये दोन मेजांविषयी लिहितो, तेव्हा तो अलंकारिक बोलत नाही. त्याच्या वाचकांच्या हाती अशी निमंत्रणे खरोखर येत असावीत. येत असतील ती व्यापारी मित्राकडून, मालकाकडून, कदाचित सख्ख्या भावाकडून.

पौलाचे उत्तर एका शब्दाचे नाही. आठव्या अध्यायात तो म्हणतो की मूर्ती काही नाही, नैवेद्याने अन्न बदलत नाही. दहाव्यात म्हणतो की त्या मेजाचे भागीदार होऊ नका. आणि लगेच, कोणा अविश्वासणाऱ्याने घरी बोलाविले तर जा, पुढे येईल ते खा, चौकशी करीत बसू नका. देवळातील मेज एक, शेजाऱ्याचे घर दुसरे. आमच्या वर्गातील काही जण प्रसाद नम्रपणे नाकारतात आणि त्याच घरचा फराळ आनंदाने खातात. काही जण घेऊन बाजूस ठेवितात. एका वृद्ध भगिनीचे म्हणणे असे की आधीच शेजारणीला आपली अडचण प्रेमाने सांगून ठेवावी, म्हणजे ताट पुढे आल्यावर कोणाचाच अपमान होत नाही. मला स्वतःला हा शेवटचा मार्ग पौलाच्या सर्वांत जवळचा वाटतो. इफिसच्या दंगलीत नगराच्या चिटणिसाने पौलाच्या सोबत्यांविषयी, हे देवळे लुटणारे नाहीत व आमच्या देवीची निंदा करणारे नाहीत, अशी साक्ष दिली (प्रे. कृत्ये १९:३७). इ. स. ३९१च्या सुमारास अलेक्सांद्रियात ख्रिस्ती जमावाने सरापिसाचे भव्य मंदिर जमीनदोस्त केले, त्यांना अशी साक्ष कोणी दिली नसती. ती घटना अभिमानाने सांगण्यासारखी नाही.

वर्गातील एका तरुणाने विचारले की, मूर्ती जर काहीच नाही, तर प्रसाद नाकारावयाचा तरी कशासाठी? त्या संध्याकाळी आम्ही १ करिंथ. १०:२८-२९ पुन्हा वाचले. तेथे पौल नाकारण्याचे कारण देतो ते खाणाऱ्याच्या विवेकाचे नव्हे. ज्याने 'हा नैवेद्य आहे' असे येऊन सांगितले, त्याच्या विवेकासाठी ते अन्न सोडावे, असे तो लिहितो.